सीजे-३बीच्या स्टेअरिंगमधला प्ले: चाकापासून बॉक्सपर्यंत

जुन्या जीपचे स्टेअरिंग ढिलेच असते, हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की चार बोटे स्टेअरिंग फिरवूनही पुढची चाके जागची हलली नाहीत, तरी मालक, ड्रायव्हर आणि मिस्त्री तिघेही 'जीप म्हटल्यावर एवढे चालायचेच' असे म्हणून मोकळे होतात. मला हे कधीच पटलेले नाही. ज्या काळात ही गाडी आखली गेली, त्या काळातल्या कारागिरांनी तिच्या स्टेअरिंगच्या प्रत्येक सांध्याला बेअरिंग, बुश किंवा स्प्रिंग दिलेली आहे, आणि प्रत्येक ठिकाणी झीज भरून काढण्याची काही ना काही सोय ठेवलेली आहे. हा ढिलेपणा, म्हणजेच प्ले, त्या रचनेचा स्वभाव नसून अनेक वर्षे न केलेल्या कामाची थकबाकी आहे. ती थकबाकी कुठे आणि किती साठली आहे हे मोजता येते, आणि मोजता येते म्हणून भरूनही काढता येते.

माझी गाडी महिंद्राची पेट्रोल सीजे-३बी आहे. विलीज कंपनीने हे मॉडेल १९५३ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो येथून आणले. हरिकेन नावाचे १३४ घनइंचांचे उंच इंजिन आत मावावे म्हणून त्याचे बॉनेट वर उचललेले आहे, आणि त्या उंच कपाळामुळेच ही जीप लांबूनही ओळखू येते. टोलेडोत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबले, पण आपल्याकडे ते त्यानंतरही पुष्कळ वर्षे बनत राहिले. वनखाते, पाटबंधारे, साखर कारखाने, बांधकाम खाते अशा ठिकाणी या गाड्यांनी आयुष्य घालवले आणि नंतर त्या शेतकऱ्यांच्या व हौशी लोकांच्या हाती आल्या. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांत पुढे बदल होत गेले, मात्र स्टेअरिंगची मूळ मांडणी महायुद्धातल्या एमबी जीपपासून जवळपास तीच राहिली. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते एमबी, सीजे-२ए, सीजे-३ए यांनाही बऱ्याच अंशी लागू पडेल.

ही मांडणी आधी डोळ्यांसमोर आणली पाहिजे. स्टेअरिंग व्हीलची लांब नळी थेट स्टेअरिंग बॉक्समध्ये जाते आणि तिच्या खालच्या टोकाला कॅम असतो, म्हणजे स्क्रूसारखी वळणदार खाच कोरलेला पोलादी दंड. त्या खाचेत दोन निमुळत्या पिना बसतात. या पिना ज्या आडव्या शाफ्टच्या टोकाला असतात तो शाफ्ट बॉक्सच्या बाहेर येतो आणि त्याच्या दात्यांवर ड्रॉप आर्म बसतो. ड्रॉप आर्म पुढेमागे हलला की ड्रॅग लिंक पुढेमागे जाते. ड्रॅग लिंकचे दुसरे टोक चासीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर बसवलेल्या बेल क्रँकला जोडलेले असते. बेल क्रँक हा काटकोनात वळण देणारा तुकडा पुढेमागे येणाऱ्या हालचालीचे डावे-उजवे करतो आणि त्याच्यापासून दोन स्वतंत्र टायरॉड दोन्ही चाकांच्या नकलपर्यंत जातात. नकल, म्हणजे चाकासह वळणारा ॲक्सलच्या टोकाचा भाग, किंगपिन या उभ्या खुंट्यांच्या बेअरिंगवर फिरतो, आणि त्याच्यावर हब व चाक. चालकाच्या हातापासून टायरपर्यंत मोजायला बसलो तर झिजू शकणाऱ्या जागा डझनाच्या वर भरतात.

आता थोडे गणित. मूळ रचनेत बॉक्सचे गुणोत्तर मध्यावर सुमारे १२:१ आणि टोकांकडे १४:१ असे धरलेले आहे. म्हणजे गाडी सरळ चालताना ड्रॉप आर्म एक अंश हलण्यासाठी स्टेअरिंग व्हील बारा अंश फिरावे लागते. व्हीलची त्रिज्या २२ सेंटिमीटर धरली तर हे बारा अंश म्हणजे व्हीलच्या कडेवर साडेचार सेंटिमीटरपेक्षा थोडे जास्त अंतर होते. ड्रॉप आर्म साधारण १५ सेंटिमीटर लांब धरला, तर त्याचा एक अंश म्हणजे टोकाशी जेमतेम अडीच मिलिमीटर. याचा अर्थ असा की ड्रॅग लिंकच्या दोन टोकांत अर्धा-अर्धा मिलिमीटर, बेल क्रँकमध्ये एक आणि टायरॉडच्या टोकांत उरलेला अर्धा, एवढी क्षुल्लक वाटणारी झीज एकत्र आली की हातात तीन बोटे प्ले येतो. यांतला एकही सांधा वेगळा पाहिला तर 'खराब' म्हणावा असा नसतो. नेमक्या याच कारणाने एखादाच भाग बदलून आलेल्या माणसाच्या पदरी निराशा पडते.

आणि याच कारणाने सगळ्यांत सोपा, पण सगळ्यांत वाईट उपाय आपल्याकडे रूढ झाला आहे. प्ले वाढला की बॉक्सच्या बाजूच्या झाकणावरचा स्क्रू आवळायचा. हा स्क्रू आडव्या शाफ्टला आत ढकलतो, त्यामुळे पिना कॅमच्या खाचेत खोल जातात आणि हाताला स्टेअरिंग लगेच घट्ट लागते. परंतु कॅमची खाच मुद्दाम अशी घडवलेली असते की मध्यावर पिना सर्वांत घट्ट बसाव्यात आणि दोन्ही टोकांकडे थोडी सैल जागा मिळावी, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ चालते आणि बारीक प्ले तिथेच नको असतो. बहुतेक वेळ सरळ चालल्यामुळे झीजही मध्यावरच होते. बाहेरच्या सांध्यांतला ढिलेपणा लपवण्यासाठी तो स्क्रू पुन्हा पुन्हा आवळला, की मध्य कसाबसा घट्ट होतो, पण टोकांकडे पिना खाचेत अडकू लागतात. घाटात पूर्ण वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही, ओढून आणावे लागते. गगनबावड्याच्या किंवा आंबोलीच्या उतारावर हे धोक्याचे आहे. त्या स्क्रूला हात लावण्याची वेळ सर्वांत शेवटी येते, हे माझे ठाम मत आहे.

तपासणी दोन माणसांनी करायची असते. गाडी सपाट जमिनीवर, चाके सरळ, इंजिन बंद. एकाने स्टेअरिंग प्लेच्या हद्दीत हलकेच डावीउजवीकडे हलवत राहायचे आणि दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा. डोळ्यांपेक्षा हात अधिक खरे सांगतो, कारण बॉल आपल्या जागेत ठोका देतो तो ठोका दिसण्याआधी जाणवतो. दोन बोटे सांध्याच्या दोन्ही बाजूंना अशी ठेवावीत की एक बोट एका भागावर आणि दुसरे दुसऱ्या भागावर येईल. दोघांच्या हालचालींत फरक पडला की तिथे प्ले आहे. मग पुढचा ॲक्सल जॅकवर घ्यायचा. चाक वर आणि खाली धरून हलवले आणि ते डुगडुगले, तर दोष व्हील बेअरिंगचा की किंगपिनचा हा प्रश्न येतो. आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर ड्रम आणि नकल एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे प्ले नाहीसा झाला तर तो व्हील बेअरिंगमध्ये होता आणि तसाच राहिला तर किंगपिनमध्ये आहे. चाक डावी-उजवीकडे धरून हलवले की टायरॉड कळतात. प्रत्येक ठिकाणचे निरीक्षण वहीत लिहून ठेवले तर नंतर कोणता भाग बदलल्याने काय सुधारले याचा हिशेब लागतो.

काम चाकाकडून सुरू केले. चाकाकडचा सैलपणा राहू देऊन आतले सांधे घट्ट केले, तर रस्त्याचे सगळे हादरे त्या नव्या सांध्यांवर आदळतात आणि पैसे वाया जातात.

या ॲक्सलला किंगपिन म्हणून एक लांब पिन नसते. नकलच्या वर आणि खाली छोटे खुंट असतात आणि ते टेपर रोलर बेअरिंगमध्ये बसतात. इथली झीज विशिष्ट प्रकारची असते. चाकाचे बेअरिंग पूर्ण गोल फिरते, त्यामुळे त्याचा मार सगळीकडे वाटला जातो. किंगपिनचे बेअरिंग मात्र आयुष्यभर थोड्या अंशांतच डावी-उजवीकडे हलते आणि सरळ रस्त्यावर जवळपास स्थिर असते. प्रत्येक खड्ड्याचा दणका त्याच रोलरखाली, त्याच जागी बसतो. बाहेरची रिंग काढून रॉकेलने धुतली आणि आतल्या पृष्ठभागावरून नख फिरवले, तेव्हा ठरावीक अंतरावर नख अडकत होते. प्रत्येक रोलरने आपल्या लांबीची एक आडवी चरी पाडली होती. उजेडात तिरके धरल्यावर त्या करड्या रेघा कंगव्याच्या दात्यांसारख्या ओळीने दिसल्या. अशा बेअरिंगची चाल मध्यावर खाचेत बसल्यासारखी होते, आणि शिम, म्हणजे जाडी जुळवण्याच्या पातळ चकत्या, काढून ते आवळले तरी दोष जात नाही. रोलर आणि रिंग दोन्ही बदलणे हाच उपाय. नवे रोलर जुन्या रिंगमध्ये बसवण्याची काटकसर कोणी करू नये.

नवे बेअरिंग बसवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. वर आणि खाली घातलेल्या शिमची जाडी शक्यतो सारखी राहिली पाहिजे, कारण त्यावरच नकल ॲक्सलच्या टोकावर मधोमध बसतो आणि आतला जॉइंट सरळ रेषेत फिरतो. दुसरी गोष्ट म्हणजे बेअरिंगवर थोडा पूर्वदाब हवा. तो मोजण्यासाठी नकलच्या आर्मच्या भोकात स्प्रिंगचा ताणकाटा अडकवून नकल सावकाश ओढायचा आणि तो सरकत राहण्यासाठी लागणारा जोर वाचायचा. किती जोर हवा हे आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहावे, कारण निरनिराळ्या काळच्या मॅन्युअलमध्ये आकडे वेगळे आहेत. पण ही मोजणी नकलचे फेल्ट आणि रबरी सील बसवण्यापूर्वीच झाली पाहिजे. सीलचे घर्षण बेअरिंगच्या दाबासारखेच हाताला लागते आणि काटा फसवतो.

टायरॉडबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चारही टोके बदलली. एका टोकाला डावे आटे आणि दुसऱ्याला उजवे असतात, त्यामुळे नळी फिरवून लांबी कमीजास्त होते. गंजलेल्या नळीतले आटे वायर ब्रशने साफ केले, क्लँपचे बोल्ट नवे घातले आणि नळ्या सरळ आहेत की नाहीत हे काचेवर लोळवून पाहिले. शेतात बांधावरून गाडी घालण्याच्या सवयीमुळे टायरॉड वाकलेल्या जीपा पुष्कळ सापडतात.

बेल क्रँक मात्र या सगळ्या साखळीतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. तो रेडिएटरच्या खाली, चिखल आणि पाणी थेट उडेल अशा जागी बसतो. तो एका उभ्या पिनवर सुईसारख्या बारीक रोलरच्या बेअरिंगवर फिरतो, आणि ग्रीस निप्पल चिखलाखाली गाडला गेला की वर्षानुवर्षे तिथे ग्रीस पोहोचत नाही. सुया कोरड्या पडतात, गंजतात आणि पिनवर चर पाडतात. पिनवरचा पाव मिलिमीटरचा प्ले बेल क्रँकच्या लांब हातांच्या टोकाशी कितीतरी मोठा होतो. तपासताना ड्रॅग लिंकच्या बाजूचा हात धरून वर-खाली उचलावा. चांगला बेल क्रँक तसा हलत नाही. नवी पिन, बेअरिंग आणि सील असा संच मिळतो, पण जीपच्या निरनिराळ्या वर्षांत पिनचा व्यास ७/८ इंच आणि १५/१६ इंच असा दोन प्रकारचा होता, म्हणून संच मागवण्यापूर्वी पिनच्या न झिजलेल्या टोकाशी कॅलिपर लावून माप घ्यावे. पिन चासीवरच्या ज्या ब्रॅकेटमध्ये बसते ते भोकही गोल राहिले आहे का हे पाहायला हवे. ते लंबगोल झाले असेल तर आतला नवा संच काही उपयोगाचा नाही.

सुट्या भागांच्या दर्जाबद्दल एक सांगतो. इतकी वर्षे या गाड्या आपल्याकडे बनल्या, त्यामुळे भाग मिळण्याची अडचण नाही. पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला विचारले तर बहुतेक सर्व काही हाती लागते, आणि भारतात बनलेले हे भाग परदेशातले विलीजप्रेमीही मागवतात. परंतु एकाच नावाच्या दोन पिनांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. माझी सोपी कसोटी म्हणजे बारीक दात्यांची नवी कानस. बेल क्रँकच्या पिनच्या अगदी कडेला, जिथे बेअरिंग बसत नाही तिथे, कानस हलकेच फिरवायची. पिन नीट पाणी दिलेली असेल तर कानस काचेवरून घसरल्यासारखी घसरते आणि मागे खूण राहत नाही. मऊ पोलादात ती लगेच चावते आणि चकचकीत कीस निघतो. पहिल्या दुकानातून आणलेल्या पिनने असा कीस सोडला आणि ती परत गेली. सुयांखाली मऊ पिन चालवली तर एका पावसाळ्यात पुन्हा पहिल्यासारखी स्थिती येते.

ड्रॅग लिंकची रचना मला नेहमीच देखणी वाटत आली आहे. जाड नळीच्या दोन्ही टोकांना भोके, त्यांत एका बाजूने ड्रॉप आर्मचा आणि दुसऱ्या बाजूने बेल क्रँकचा बॉल, बॉलच्या दोन्ही अंगांना अर्धगोल बसणी, मागे कडक स्प्रिंग, आणि टोकाला स्क्रूचे बूच व स्प्लिट पिन. दोन्ही टोकांतला स्प्रिंग आणि बसणीचा क्रम सारखा नसतो, म्हणून उघडताना एकेक तुकडा बाहेर काढून त्याच क्रमाने कापडावर मांडावा. कित्येक गाड्यांत हा क्रम आधीच कुणीतरी चुकवलेला असतो, तेव्हा मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून पाहणे बरे. बसवताना बूच बॉलपर्यंत घट्ट आवळून मग पुढच्या टोकाला अर्धा आटा आणि मागच्या टोकाला एक पूर्ण आटा मागे घ्यायचा आणि नवी स्प्लिट पिन घालायची, असे जुने मॅन्युअल सांगते. प्ले जावा म्हणून बूच पूर्ण आवळून ठेवले तर स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही आणि बॉलच्या मानेवर ताण येतो. बॉल गोल राहिला आहे का हे दोन काटकोनातल्या दिशांनी मायक्रोमीटर लावून पाहावे. तो लंबगोल झाला असेल तर बदलावा. झिजलेला बॉल नळीच्या भोकातून निसटू शकतो, आणि निसटला तर त्या क्षणी हातातले स्टेअरिंग आणि चाके यांचा संबंध संपतो. बॉलवर वेल्डिंग चढवून तो पुन्हा घासून गोल करण्याची पद्धत आहे, पण ज्या भागावर माणसांचे जीव अवलंबून आहेत तिथे मी ती स्वीकारणार नाही.

मग बॉक्स. कॅम आणि वरची लांब नळी एकसंध असल्यामुळे बॉक्स काढायचा तर आधी स्टेअरिंग व्हील पुलरने काढावे लागते, हॉर्नची वायर सोडवावी लागते, फ्लोअरची झाकणे उचलावी लागतात आणि मडगार्ड सैल करून सगळा सांगाडा तिरका बाहेर घ्यावा लागतो. ड्रॉप आर्म शाफ्टवरून निघता निघत नाही. तो पुलर लावून आणि शेजारी हलके ठोके देऊनच काढला पाहिजे. शाफ्टच्या टोकावर हातोडीचा दणका दिला तर तो थेट आतल्या पिनांवर आणि कॅमच्या खाचेवर बसतो. काढण्यापूर्वी आर्म आणि शाफ्ट यांच्यावर छिन्नीने जुळणारी खूणही केलेली असावी.

बॉक्स उघडल्यावर आत जे असायला हवे ते, म्हणजे गिअर ऑइल, क्वचितच सापडते. सील गळते म्हणून कुणीतरी झाकण उघडून चासीचे घट्ट ग्रीस ठासून भरलेले असते. घट्ट ग्रीस कॅमच्या मार्गातून एकदा बाजूला सारले गेले की परत वाहत येत नाही. बॉक्स भरलेला दिसतो आणि खाच कोरडी चालत राहते. सील का गळते याचे कारण बहुधा सीलमध्ये नसतेच. आडव्या शाफ्टचे बुश झिजल्याने शाफ्ट डुगडुगतो आणि सीलची कडा एका बाजूला उघडी पडते. बुश न बदलता नुसते सील बदलले तर ते थोड्याच दिवसांत पुन्हा गळू लागते.

कॅम धुऊन उन्हात नेऊन पाहिला. दोन्ही टोकांना खाच मूळ करड्या रंगाची होती, आणि मध्यावर वीत-दीड वीत स्टेअरिंग फिरेल एवढ्या पट्ट्यात तिच्या भिंती आरशासारख्या चकाकत होत्या. त्या चकाकीवर बोटाचे टोक फिरवले तर किंचित खोलगटपणा लागत होता. पिनांच्या निमुळत्या अंगांवर दोन समोरासमोरच्या बाजूंना सपाट डाग पडले होते. कॅमच्या दोन्ही टोकांवर छरे थेट फिरतात. तिथे वेगळी आतली रिंग नसते, म्हणून तिथे खड्डे पडले असतील तर अख्खा कॅम आणि नळी बदलावी लागते. माझ्या कॅमची टोके स्वच्छ होती, आणि मध्यावरची झीज पृष्ठभागाच्या कडक थरातच राहिली होती, म्हणून तो ठेवला. छरे, त्यांच्या वाट्या आणि पिनांसकट आडवा शाफ्ट मात्र नवा घेतला.

बुशचे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाले. तिथल्या एका लेथवर फॉस्फर ब्राँझचे दोन बुश तेलाची चर ठेवून घडवले गेले. ज्यांनी ते केले ते वयाने ज्येष्ठ गृहस्थ शाफ्ट हातात घेऊन आधी त्याची मापे तीन ठिकाणी घेत बसले आणि मला म्हणाले, "दादा, शाफ्ट द्या, बॉक्सबी द्या. नुसतं माप सांगून बुश होत न्हाई." त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. बुश बॉक्समध्ये दाबून बसवताना थोडे आवळतात, म्हणून आतले अंतिम माप दाबल्यानंतरच करायचे असते, आणि दोन्ही बुश एका रेषेत यावेत यासाठी लांब रीमर एकदाच दोघांतून आरपार न्यावा लागतो. शाफ्ट आणि बुश यांत दीड-दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) एवढीच जागा ठेवली. तेल लावून शाफ्ट आत सोडला तेव्हा तो आपल्याच वजनाने सावकाश खाली उतरला, पण बाजूला हलवू म्हटले तर हलेना.

ड्रॉप आर्म, बेल क्रँक आणि नकलचे दोन्ही आर्म पुन्हा बसवण्यापूर्वी त्यांची भेगांसाठी तपासणी करून घेतली. ओतकाम आणि मशिनिंगचा व्यवसाय इथे मोठा असल्यामुळे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ही सोय सहज मिळते. भाग स्वच्छ करून त्यावर लाल द्रव फवारतात, तो भेगेत मुरू देतात, पुसून टाकतात आणि वरून पांढरी पूड फवारतात. भेग असेल तर मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर केसासारख्या रेषेने वर येतो. ड्रॉप आर्मच्या दात्यांचा तळ आणि बॉलची मान ही दोन ठिकाणे विशेष पाहण्यासारखी. जुना भाग पुन्हा वापरायचा असेल तर हा खर्च टाळू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बॉक्स जोडताना क्रम महत्त्वाचा आहे. बाजूचा स्क्रू पूर्ण मागे घेऊन, पिना खाचेत दाबल्या जाणार नाहीत अशा स्थितीत, आधी कॅमचा लांबीच्या दिशेचा प्ले वरच्या झाकणाखालच्या शिम काढून घालवायचा. कॅम हाताने फिरताना किंचित अडथळा जाणवला की थांबायचे. त्यानंतर ड्रॉप आर्म न लावता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजून बरोबर मध्य काढायचा आणि तिथे बाजूचा स्क्रू इतकाच आवळायचा की मध्यावरून जाताना हाताला हलका भार लागेल. मग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहायचे. कुठेही अडकले तर स्क्रू मागे घ्यावा. मागे घेतल्यावर मध्यावर प्ले राहत असेल, तर कॅम संपला असे समजावे.

हा मध्य पुढे चाकांच्या सरळ स्थितीशी जुळवायचा असतो. मध्यावर बॉक्स, त्याच स्थितीत बेल क्रँक सरळ, मग एका चाकाचा टायरॉड लावून ते चाक लांब सरळ पट्टीने मागच्या चाकाशी समांतर करायचे, आणि दुसऱ्या टायरॉडने टो-इन, म्हणजे पुढची चाके पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली ठेवण्याचे माप, साधायचा. मॅन्युअलचा आकडा ३/६४ ते ३/३२ इंच आहे, म्हणजे सव्वा ते अडीच मिलिमीटरच्या आत. चाके फिरवत टायरच्या मधोमध खडूने रेघ मारली आणि पुढच्या व मागच्या बाजूला त्या रेघांतले अंतर मोजले तर घरीही हे काम नेमके होते. स्टेअरिंग व्हील तिरके राहिले म्हणून नुसते दात्यांवरून काढून सरळ बसवू नये. तसे केले की व्हील सरळ दिसते, पण बॉक्स आपल्या घट्ट मध्यापासून बाजूला सरकतो आणि गाडी कायम सैल भागावर चालते.

पुढची चाके ठरावीक वेगाला थरथरू लागतात, ज्याला आपण व्हॉबल म्हणतो, त्याचे मूळ बहुधा सांध्यांच्या प्लेमध्ये असते, पण एकट्या प्लेमध्ये नव्हे. या गाडीला तीन अंशांचा कॅस्टर दिलेला आहे, म्हणजे किंगपिनचा वरचा भाग तेवढा मागे झुकलेला असतो, आणि त्यामुळेच चाक आपणहून सरळ यायला बघते. पाटे बसले किंवा गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या, लावले, की ॲक्सल फिरतो आणि हा कॅस्टर जातो. हल्ली जीप उचलण्याची हौस फार आहे. उचलणाऱ्यांनी निदान पाट्याखाली योग्य पाचर घालून कॅस्टर परत मिळवावा, नाहीतर सगळे सांधे नवे करूनही गाडी रस्त्यावर भरकटत राहील. दुसऱ्या गाडीचा पॉवर स्टेअरिंग बॉक्स कापून-जोडून बसवणारेही आहेत. त्यांची गरज मी समजू शकतो, विशेषतः रुंद टायर वापरणाऱ्यांची, पण झिजलेल्या बेल क्रँकवर आणि ड्रॅग लिंकवर पॉवरचा जोर लादणे म्हणजे त्यांना लवकर मोडायला लावणे होय. मूळ अरुंद टायर, योग्य हवा आणि नीट सांधे असतील तर ही गाडी हलत्या स्थितीत एका हाताने वळते. आम्ही राधानगरीकडून दाजीपूरच्या रस्त्याला ती नेली तेव्हा वळणातून बाहेर पडताना स्टेअरिंग बोटांखालून आपसूक परत येत होते, आणि खड्ड्यात चाक गेल्यावर पूर्वीचा तो लोखंडी ठोका हाताला लागला नाही. सरळ रस्त्यावर व्हीलच्या कडेला आता बोटभरापेक्षा कमी प्ले आहे.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर टायरॉडचे क्लँप, ड्रॉप आर्मचा नट आणि किंगपिनच्या झाकणांचे बोल्ट पुन्हा तपासले. नवे भाग बसताना थोडे दबतात आणि नट सैल होऊ शकतात. बॉक्समध्ये गिअर ऑइल आहे आणि सीलखाली अजून थेंब दिसलेला नाही. जुन्या तक्त्यात चासीच्या ग्रीसिंगसाठी १००० मैलांचे अंतर दिलेले आहे, पण आमच्याकडच्या पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेली की बेल क्रँकला त्याच आठवड्यात ग्रीस गन लावावी, जुने मळके ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत. आता पुढच्या पाट्यांच्या शॅकलचे बुश तपासायचे आहेत. उजव्या बाजूचा शॅकल पहारीने उचलला की हलतो, आणि कॅस्टर टिकवायचा तर तेही काम पावसाळ्याआधी हातावेगळे करायला हवे.